एक ठोका म्हणजे हो

आल्या दिवशीच सगीरने नियम घालून दिला. पडद्याआडून कौसरचा आवाजसुद्धा बाहेर यायला नको. उत्तर 'हो' असेल तर भिंतीवर एक ठोका, 'नाही' असेल तर दोन.

"नाझीर होता तेव्हा ती तुझ्यासमोर बसून जेवायची," अम्मा म्हणाली.

"तेव्हा तो होता."

धाकटा भाऊ नाझीर जाऊन चार महिने उलटले होते. त्याच्या बायकोच्या, कौसरच्या इद्दतीचे आठ दिवस उरले होते. विधवेने घरात राहून काढायचे ते चार महिने दहा दिवस. तेवढ्यासाठी सगीर निपाणीचं दुकान बंद ठेवून बेंगळुरूला, चामराजपेटच्या घरी येऊन बसला होता. कौसर राहायची मागच्या, गल्लीकडच्या खोलीत.

तिची व्हाइटफील्डला एका ऑफिसात नोकरी होती. गरजेपोटी दिवसा बाहेर पडायला हरकत नाही, असं मौलानांनी अम्माला सांगितलं होतं. सगीरने मौलानांनाही मोडीत काढलं. नोकरी गेली तर गेली. इद्दत संपली की तो तिला निपाणीला नेणार होता, आणि तिच्याशी निकाहही स्वतःच लावून घेणार होता.

इद्दतीत लग्नाची बोलणी करू नयेत, हे त्याला पाठ होतं. म्हणून तो सरळ बोलत नसे, आडून बोले. माणूस धर्माला फार जपणारा.

रोज दुपारी तो पडद्यासमोर खुर्ची टाके. अम्मा बाजूला अवरेकाईच्या शेंगा सोलत बसे.

"निपाणीची हवा चांगली आहे. मानवेल तुला?"

एक ठोका.

सगीरला चेव आला. बोलता बोलता तो दुकानाचं, गुडघ्याचं, लहानपणी वडिलांच्या हातून खाल्लेल्या माराचं सांगू लागला. कुणीतरी निमूट ऐकतंय, याची त्याला गोडी लागली.

तिसऱ्या दिवशी मात्र त्याच्या अंगावर काटा आला. अंथरुणावर पायाखाली घडी घातलेली चादर होती. तिच्याशिवाय त्याला झोप येत नसे, पण इथे त्याने ती कुणाकडे मागितली नव्हती.

"अम्मा, तू ठेवलीस?"

"मी नाही. आतून आली."

ही खोड नाझीरला ठाऊक होती. दोघं भाऊ एका अंथरुणात वाढले होते.

पाचव्या दिवशी त्याला खोकला झाला, तर पडद्याखालून ओव्याचा काढा सरकला. बिनगुळाचा, त्याला लागतो तसाच. सहाव्या दिवशी प्रश्न पुरा व्हायच्या आतच ठोका पडला. सगीरला वाटलं, नाझीर आत बसलाय, कौसरच्या कानाशी, आणि सगळं सांगतोय. त्याने मनातल्या मनात कुराणातली आयत म्हटली आणि खुर्ची हातभर मागे घेतली. भीती वाटत होती, तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच येऊन बसला.

"ताहेराला एक फोन तरी कर," अम्मा म्हणाली. ताहेरा त्याची बायको. तो इकडे आला तेव्हा ती माहेरी, मिरजेला जाते म्हणाली होती.

"तिच्याशी काय बोलणार? भिंतीशी बोलल्यासारखं."

अम्मा शेंगा सोलत राहिली.

आठव्या दिवशी दुपारी त्याने धीर करून खुर्ची पडद्याला भिडवली. आता आडून बोलायला वेळ नव्हता.

"कौसर, उद्या इद्दत संपते. परवा निकाह. ताहेराला काही कळवायची गरज नाही. कबूल?"

रस्त्यावर दोन रिक्षावाले कन्नडमध्ये भांडत होते. मग एक ठोका पडला, अगदी हळू.

सगीरला राहवलं नाही. "एवढं एक तोंडाने म्हण," तो म्हणाला. "ये, बाहेर ये."

पडदा सरकला. दारात ताहेरा उभी होती.

"कौसर कामावर गेलीय. रोजच जाते, गल्लीकडच्या दाराने," ती म्हणाली. "आठ दिवस आत मीच होते. सोळा वर्षांत माझ्याशी इतकं कधी बोलला नव्हतात."