सिंकखालची आशा

नाताळाआधीच्या चार रविवारी घरात एकेक मेणबत्ती लावायची: पहिली आशेची, दुसरी शांतीची, मग आनंदाची आणि प्रेमाची. पहिल्या रविवारी प्लंबर कामावरून आपल्या घरी आला, तर आशेची मेणबत्ती टेबलावर नव्हतीच. ती स्वयंपाकघरात गळक्या सिंकखाली, बादलीशेजारी तेवत होती. जगाचे नळ दुरुस्त करणाऱ्याच्या घरातली ही बादली ईस्टरपासूनची.

"अगं, इथे कशाला लावलीस?"

"देव येणार म्हणता ना? आला तर हात कुठे धुवेल बिचारा?" बायको म्हणाली.

प्लंबर सिंकखाली शिरला. त्याच मेणबत्तीच्या उजेडात त्याने पाना फिरवला, वायसर बदललं आणि आठ महिन्यांची टपटप थांबली. बायकोने हात जोडले. "आला बाई एकदाचा!"

सुटलो, म्हणत प्लंबर आठवडाभर शीळ घालत हिंडला. पुढच्या रविवारी दुपारी जेवून लवंडायला गेला, तर त्याच्या उशाशी शांतीची मेणबत्ती तेवत होती. आणि त्याच्या घोरण्यापायी वीस वर्षं कानात कापूस घालून झोपणारी बायको शेजारी हात जोडून बसली होती.