संत्र्याची उबदार खोली

मुलांनो, डोळे मिटा आणि मेळघाटाजवळची एक शाळा बघा. डिसेंबरची सकाळ आहे, खिडक्यांना काचा नाहीत आणि पोरांच्या आखडलेल्या बोटांत पेन्सिल राहत नाही. पटांगणात मात्र प्लास्टिकच्या कागदाची खोली उभी आहे. आत वर्गातला हीटर, आणि हीटरपुढे कुंडीतलं संत्र्याचं झाड!

झाड आमदारसाहेबांनी भेट दिलं होतं. वसंतात ते फुलं बघायला येणार होते. म्हणून मुख्याध्यापक रोज आधी झाडाची विचारपूस करत. पोरांची हजेरी शिपाई घेई.

चौथीतल्या कांचनची धाकटी बहीण पहिलीत होती. तिचे ओठ निळे पडलेले बघून कांचन सरांसमोर उभी राहिली.

"सर, संत्र्याला थंडी हवीच असते. हिवाळाभर निजलं तरच ते फुलतं. आमचे आबा सांगतात."

"मी पुस्तकं वाचलीत. तुझ्या आबांना वाचता येतं का गं?"

"नाही सर. पण त्यांची झाडं फुलतात."

"बस खाली!" मफलर आवळत सर ऑफिसात गेले.

कांचनने कुंडी ओढत थंडीत आणून ठेवली आणि पहिलीच्या सगळ्या पोरांना हीटरपुढे नेऊन बसवलं.