नुसता शिक्का

"गोवरची लस झालीये का हिची?" पोरीच्या छातीवरचे लाल ठिपके बघत डॉक्टरांनी विचारलं.

आईने तोंड उघडायच्या आत त्यांनी कार्ड उघडलंही. गोवरच्या दोन्ही रकान्यांत जांभळा शिक्का, खाली सही. "झालीये की! मग गोवर नाही, कसल्यातरी औषधाची रिअॅक्शन असेल. सिस्टर, हिला आतल्या वॉर्डात घ्या."

सिस्टर जागची हलली नाही. डॉक्टरांसाठी ती सिस्टर. पोरीच्या आईची मात्र सख्खी धाकटी बहीण. शिक्का तिनेच मारलेला, सहीही तिचीच. शेजारच्या मुलाला लशीनंतर आकडी आली, तेव्हापासून ताईने सुईचा धसका घेतला होता आणि कार्ड भरल्याशिवाय बालवाडीवाले दारात उभं करत नव्हते. ताई रडून रडून म्हणाली होती, "सुई नको गं. नुसता शिक्का मार." शिक्क्याला वेळ तो काय लागतो! दोन्ही वेळा लस बेसिनमध्ये गेली. बहिणीच्या मायेपुढे हिने अक्कल गहाण टाकली, दुसरं काय.

आता ताई तिच्याकडे डोळे फाडून बघत होती. खरं बोलावं तर धाकटीची नोकरी जाणार, आणि तिचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. गप्प बसावं तर पोरीचं काय?

"सिस्टर, ऐकू येतंय ना?"

तिने फणफणलेल्या भाचीला उचललं. पोरीने तिच्या गळ्याला मिठी मारली. "मावशी, सुई नको हं."

"नाही हं, राणी." म्हणत ती तिला घेऊन निघाली.

आतल्या वॉर्डात एकही खाट रिकामी नव्हती. खिडकीजवळ एक बाई दोन महिन्यांच्या बाळाला थोपटत बसली होती. पोरीकडे बघून ती चटकन सरकली. "इथे निजवा हो, माझ्या बाळाजवळ. किती तापलीये बिचारी!"

दोन महिन्यांचं बाळ. त्याला गोवरची लस मिळायला अजून सात महिने होते.

सिस्टर दारातच थबकली. मागून आलेल्या ताईने तिचा दंड घट्ट धरला. "बोलू नकोस," ती कुजबुजली. "तुझी नोकरी जाईल गं."

बाईने बाळाची दुपटी गोळा करून उशीजवळ जागा केली. "या ना, सिस्टर."

"बाळ उचला!" सिस्टर दारातूनच ओरडली. "आधी तुमचं बाळ उचला, बाई!"