पडलेल्याचा हार

मतमोजणीच्या दिवसासाठी अमरावतीच्या फूलबाजारात सगळेच उमेदवार हार सांगून ठेवतात. निकाल लागला की जिंकलेल्याचा हार वाजतगाजत जातो, पडलेल्यांचे हार न्यायला कुणी फिरकत नाही. मग फूलवाले नत्थुजी दुकान बायकोवर सोपवून ते हार स्वतः घरोघर पोचवतात. आमच्या मतदारसंघानं किती पक्ष चढवले आणि उतरवले, पण नत्थुजींनी ही रीत मोडली नाही. मागच्या खेपेला साधनाताई पडल्या, तेव्हा त्यांच्या रिकाम्या मांडवात एकटे नत्थुजीच आले होते. आज ताईंनी आमदार किसनरावांना पाडलं. मिरवणूक दुकानापाशी येताच त्या जीपवरून उतरल्या. "किसनरावांचा हार मले द्या, मीच नेऊन देते." नत्थुजींनी ओल्या फडक्यातला पांढऱ्या शेवंतीचा हार काढला, पण हातात दिला नाही. फुलांवर शिंपडायच्या पाण्याची बादली पुढे सरकवली. "पयले हात धुवा ताई. गुलाल लागन त्याले."