शेपटीचा केस

लिंबायतच्या आमच्या गल्लीत गेल्या आठवड्यात एक हत्तीण आली होती. माहूत तिच्या शेपटीचे केस उपटून विकत होता. पोरांना नजर लागू नये म्हणून घरोघरी बायांनी ते घेतले. मीही एका केसाची अंगठी करून माझ्या उज्ज्वलाच्या बोटात घातली. केस उपटताना हत्तीण ओरडली नाही. साखळी रुतलेला डावा पाय जमिनीवर रोवून ती नुसती डोलत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून उज्ज्वला दारात उभी राहून तशीच डोलायला लागली. डावा पाय ती उचलतच नव्हती.

"काय नही वं रंजना," तिचे पप्पा हसले, "लूमना ठेकावर डोली ऱ्हायनी पोर."

मला पटलं. शेजारच्या कापड कारखान्यातल्या लूममुळे आमच्या मांडणीवरची भांडीसुद्धा दिवसभर वाजतात.

आज दुपारी समोरच्या धुरपदाबाई सांगत आल्या, "ती हत्तीण सकाळी बमरोलीत मेली म्हणे."

तेवढ्यात लाईट गेली. लूम थांबले, भांडी गप्प झाली. उज्ज्वला मात्र डोलतच होती.

मी तिच्या बोटातली अंगठी ओढून काढली आणि तिला कडेवर घ्यायला गेले. तिचा डावा पाय फरशीवरून सुटेना. घाबरून बाहेर पाहिलं, तर दारोदारी पोरं उभी होती आणि सगळी एकाच ठेक्यात डोलत होती.

मग सगळी पोरं एकदम थांबली. सगळ्यांनी बमरोलीच्या बाजूला माना वळवल्या.

लाईट अजून आली नव्हती. तरी मांडणीवरची भांडी वाजली. थांबली. पुन्हा वाजली, आधीपेक्षा जोरात.