डोहाळे

डोहाळजेवणाला आलेल्या बायका रेवतीला पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "काय खावंसं वाटतंय गं?" ती ओशाळून सांगायची, "काहीच नाही." तिच्या दंडावर चिकटवलेली औषधी पट्टी रक्तात जे जीवनसत्त्व कमी पडेल ते लगेच सोडायची. जिवाला काही मागायची वेळच येत नसे.

तिच्या सासूला, नलिनीबाईंना, त्याचंच समाधान होतं. त्यांचं पहिलं बाळ पाठीचा कणा न जुळताच जन्मलं होतं. गरोदरपणाच्या सुरुवातीला जीवनसत्त्वाची एक साधी गोळी घेतली असती तर ते वाचलं असतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. जन्माच्या त्या दिवशी खोलीत येऊन नर्स एवढंच बोलली होती, "गेलं."

आठ दिवसांनी रेवती स्वयंपाकघरात धावत आली. "आई, मला चिंच हवीय! नुसत्या विचारानं तोंडाला पाणी सुटलंय."

नलिनीबाई हरखून बरणीकडे वळल्या आणि थबकल्या. रेवतीच्या दंडावर पट्टीचा नुसता पांढरट ठसा होता.

"डोहाळजेवणाच्या दिवशीच काढली," ती खालमानेने म्हणाली. "डोहाळे म्हणजे काय, ते एकदा तरी कळावं म्हणून."

पट्ट्यांच्या डब्यातली नवी पट्टी काढून नलिनीबाईंनी तिच्या दंडावर दाबून बसवली. मग चिंचेचं मोठं बुटुक निवडून तिच्या हातावर ठेवलं.

"खा, बाळ."

ओठांपाशी नेता नेता रेवतीचा हात थांबला. तोंडाला सुटलेलं पाणी आटलं आणि चेहऱ्यावरची चमक विझत गेली.

"गेलं, आई," ती म्हणाली.