पहिला घास

ओमेश्वरी सतराव्यांदा खोकली. रविताने पाटावर बसल्या बसल्या मोजलं आणि पदर नाकाशी धरला.

ओमेश्वरी तिची थोरली नणंद. कालच महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याहून दवनीवाड्याला आली, दोन बॅगा आणि हा खोकला घेऊन. महिनाभर टीव्हीवर पुणंच दिसत होतं: तोंडं बांधलेली माणसं, दवाखान्यापुढच्या रांगा. स्वाइन फ्लू हा शब्द गावात बैल चारणाऱ्यालाही पाठ झाला होता. गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी मागच्याच आठवड्यात रविताला बजावलं होतं, "सातवा महिना आहे. खोकणाऱ्याजवळ बसायचं नाही. तुला ताप आला तर तो तुझ्या एकटीचा नसेल."

आणि खोकणारी दीड हातावर बसली होती. हातात पुरणपोळीचा घास. या घरात सातव्या महिन्यातल्या सुनेला पहिला घास थोरल्या नणंदेने भरवायचा; तोवर कोणी जेवायचं नाही. पोळा आणि सातवा महिना एकाच दिवशी उरकायचं सासूने, रामकलीने, ठरवलं होतं. पाहुणे दोनदा आले की पुरण दोनदा शिजवावं लागतं, हे तिला कोणी सांगावं लागत नसे.

"दीदी, तुमाले ताप त नाही ना?"

"ताप कायचा वो? गाडीतली धूळ लागली." ओमेश्वरीने तोंडावरचा रुमाल कमरेला खोचला आणि त्याच हाताने घास पुन्हा तुपात बुडवला. "मी एवढ्या दुरून आली, अन् तू नखरे करून राहिली."

ओसरीतल्या बायका हसल्या. रविताने नवऱ्याकडे पाहिलं. लोकेंद्र अंगणात हंसाची, घरच्या बैलाची, झूल नीट करत होता. ती मघापासून नीटच होती. सकाळी तिने त्याला सगळं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला होता, "वर्षातून एक डाव येते ते. तिले कसं म्हणू, दूर बस?" आणि बैल धुवायला निघून गेला होता. तांदूळ मोजून काढावेत तसे तो शब्द काढायचा. त्या दिवशी तर माप भरलंच नाही.

राहिली सासू. रामकली आरतीचं ताट घेऊन दारात उभी होती. चेहरा नेहमीचाच, हिशेब न लागू देणारा. तिची लेक वर्षाने आलेली, तिचा मान आज भरल्या ओसरीत. सुनेने त्यातून कितीची आशा करावी?

"आ कर."

रविताचे दात एकमेकांवर बसले होते. ते सुटेनात. पोटात बाळाने लाथ मारली, मग एकदम गप्प झालं. तिला वाटलं, तेही ऐकत असेल.

ओमेश्वरीने खांद्यात तोंड खुपसलं. अठरा. घास हातातल्या हातात हलला.

"आ कर ना भाभी. हात दुखला माहा."

सगळ्या बायका पाहत होत्या. रविताने डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

घास आला नाही.

डोळे उघडले तेव्हा रामकलीने लेकीचं मनगट धरलं होतं. धरलं कसलं, आवळलं होतं. लेकीला उठवून ती पायरीपर्यंत घेऊन गेली आणि तो हात बैलाच्या तोंडाशी नेला.

"आज पोळा होय. पहिला घास हंसाचा."

हंसाने घास घेतला, वर बोटांचं तूपही चाटून घेतलं.

"बरं, मंग दुसरा भाभीले..."

"दुसरा मले."

"तुले कायले?"

"लहानपणी मी तुले भरवलो. आता तू मले भरव." रामकली सुनेच्या पाटावर येऊन बसली. "सरक वो," ती रविताला म्हणाली. रविता भिंतीपर्यंत सरकली.

ओमेश्वरी आधी गोंधळली, मग तिचे डोळे भरून आले. तिने आईला एक घास भरवला, मग दुसरा, मग तिसरा. मध्येच खोकली, डोळे पुसले, पुन्हा भरवलं. पानावरची उरलेली पोळी, दोन वडे, वाटीतली खीर, रामकलीने काही ठेवलं नाही.

"काऊन वो रामकलीबाई, डोहाळे सुनेचे का सासूचे?" कोणीतरी विचारलं.

"भूक लागली मले," रामकली म्हणाली. तिच्या कपाळावर घाम आला होता.

पंगत बसली. लेक वाढायला लागल्यावर रामकली उठली आणि सुनेला मानेनेच मागच्या खोलीकडे चल म्हणाली. दारापासून चार हात अलीकडेच थांबली.

"तुहं ताट सकाळीच अंदर झाकून ठेवलं हाये. जाय, कडी लाव. दीदी जाईपर्यंत बाहेर येऊ नको. कंबर दुखते म्हणून सांगतो मी."

"एकोणीस डाव खोकल्या माय, दीदी," रविता म्हणाली.

"एकवीस. तू आंघोळीले गेली होतीस तवा दोन." रामकलीने गोठ्याकडे पाहिलं. "माही बाज मी तिकडं टाकतो आता."

रविता पाया पडायला वाकत पुढे आली. रामकली झटकन मागे सरली.

"दुरूनच," ती म्हणाली, आणि पदर नाकाशी धरला.